पस्तीसच्या वर

अर्धी गोळी… चपलांच्या मांडणीखाली, अगदी भिंतीला लागून, एक केस चिकटलेली, एका बाजूनं चघळून पिवळी पडलेली आणि दुसऱ्या बाजूनं मात्र काल रात्री सुरीनं कापली तशीच कोरी. विजयमालानं केरसुणी टेकवली, वाकली, गोळी चिमटीत धरून उजेडाकडे नेली. म्हणजे दहीभातातून औषध पोटात गेलं असं आपण धरून चाललो, आणि हिनं भात तेवढा गिळला, गोळी गालात धरून ठेवली आणि आपली पाठ फिरल्यावर इथे आणून टाकली. लबाड. तिला हसू आलं, आणि हसू पुरतं यायच्या आतच काळजात चर्र झालं – औषधच गेलं नाही तर रात्र कशी काढली असेल हिनं? – आणि ते चर्र होणं अजून विरलं नव्हतं तोवर मनात तिसरंच काहीतरी शिरलं, चोरपावलांनी, पण अगदी स्पष्ट: बरंच झालं. औषध गेलं नाही, म्हणजे आज मार्क कमी पडले तर त्याला कारण आहे. आजारी विद्यार्थी. आजचा पेपर धरायचा नाही.

तिनं गोळी गाऊनच्या खिशात टाकली. आज पाचवा दिवस, म्हणजे नळाला पाणी यायचा दिवस. गल्लीभर मोटारी सुरू झाल्या होत्या आणि जुळे सोलापूरभर लोक झोपेतून उठून बादल्यांकडे धावत होते. ऑक्टोबरचं ऊन सात वाजताच अंगणात पाय पसरून बसलेलं. तिलाही नळाकडे धावायला हवं होतं. ती मांडणीपाशीच उभी राहिली आणि तिनं हाक मारली, “भाकरी…”

नाव ओवीनं, लेकीनं ठेवलेलं. ज्वारीच्या भाकरीचा रंग आणि पाठीवर तव्यावर करपल्यासारखे दोन ठिपके, म्हणून भाकरी. सुरुवातीला शेजारणींची चांगलीच करमणूक झाली होती – काय विजयमालाबाई, भाकरीला भाकरी घातली का? – मग त्यांनाही सवय झाली. चार वर्षांपूर्वी, ओवी इथेच कॉलेजात असताना, वळसंगच्या फाट्यावर उसाची ट्रॉली या कुत्रीच्या कमरेवरून गेली होती. बघ्यांच्या घोळक्यातून ओवीनं तिला ओढणीत गुंडाळलं आणि स्कूटीवर पायांशी ठेवून घरी आणलं. कमरेचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या वाकड्या जागी आता सांधा झिजलाय, नस दबलीय, आणि हे बरं होणारं दुखणं नाही, नुसतं सांभाळायचं. हे डॉक्टरांनी ओवीला सांगितलं, ओवीनं आईला सांगितलं, आणि मग ओवीला पुण्यात नोकरी लागली. सांभाळायचं आईकडे आलं. जगरहाटीच ती. नवरा, विरुपाक्ष, श्रीपूरला साखर कारखान्यावर; निवृत्त झाला तरी कारखान्यानं त्याला ठेवून घेतलेलं, आणि हंगाम तोंडावर आला की तो घरी येतो तो पाहुण्यासारखा. फोनवर एवढंच म्हणतो, “तू बघ. तुला कळतं त्यातलं.”

मला कळतं. छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, मला सगळं कळतं…

भाकरी उठली. आधी पुढचे दोन पाय ताठ केले, मग थांबली, मान खाली घातली, आणि मग कमरेखालचं अंग, ते जणू दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ओढून वर आणलं. मागचा डावा पाय थरथरत राहिला. शेपूट हलली, एकदा, दोनदा, तीनदा. विजयमाला मोजत होती. उठते की. कोण म्हणतं उठत नाही? मी दिसले की रोज उठते. पाच. पाय थरथरतोय, मग चार. पण शेपूट हलवली ना, तीनदा हलवली. पाच.

पंधरा दिवसांपूर्वी हे मार्कांचं सुरू झालं. डॉक्टर अमरेश हा तिचाच विद्यार्थी, भूमितीला घाबरणारा आणि तरीही वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. आता जनावरांचा दवाखाना आहे त्याचा, होटगी रोडला. त्या दिवशी भाकरीच्या कमरेवरून हात फिरवता फिरवता तो म्हणाला, “बाई, औषध आता याच्यापुढे वाढवता येणार नाही. मूत्रपिंडावर ताण आलाय. तुम्ही असं करा, एक वही घाला. खाणं, पाणी, उठणं-चालणं, झोप, अंगाची स्वच्छता, आनंद, आणि एकूण दिवस कसा गेला. सात गोष्टी, प्रत्येकाला दहापैकी मार्क. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तोवर आपण चालू ठेवू. रोज खाली यायला लागले, की मग…” तो थांबला. इंजेक्शन, झोपवणं, असले शब्द त्यानं उच्चारले नाहीत. “मग बोलू आपण.”

“पासिंग पस्तीसच का रे?” ती म्हणाली होती, आणि दोघंही हसले होते.

“बाई, तुमच्याइतके नेमके मार्क दुसरं कोण देणार?”

आज तो पंधरावा दिवस. साडेपाचची वेळ दिलीय. धनाजी रिक्षा घेऊन पाचला येईल. वही फ्रिजवर, ठेवली होती तिथेच आहे: छत्तीस, सदतीस, छत्तीस, छत्तीस, अडतीस, छत्तीस… इतकी शिस्तीची ओळ पाहिल्यावर कुठल्याही मास्तराच्या भुवया वर गेल्या असत्या. एखाद्या केंद्रावर सगळीच पोरं छत्तीस-सदतीसवर पास झाली तर ती केवढी चिडायची! पण दुसऱ्याच्या गठ्ठ्यातली चूक दिसते, आपल्या गठ्ठ्यातली दिसत नाही. किंवा दिसते, आणि आपण डोळ्यांवर कातडं ओढून घेतो.

बोर्डाचे पेपर तपासायला बसली की तेहतीस-चौतीसवर अडकलेला पेपर तिनं कधी तसाच बाजूला टाकला नाही. पुन्हा उघडायचा. मार्क शोधायचे. मार्क असतातच, शोधणाऱ्याला सापडतात. सिद्धता साफ चुकलीय, पण पक्ष आणि साध्य तर लिहिलंय, एक. आकृती काढून कोनांना नावं दिलीयत, अर्धा. उत्तर चुकलं, सूत्र बरोबर आहे, आणखी एक. कुणाचं वर्ष वाचलं, कुणाचं लग्न वर्षभर लांबलं, कुणी आयटीआयला गेलं. त्याचं पाप कुणाला लागलं? कुणालाच नाही. आणि मग तोच हात, तीच वर्षानुवर्षांची सवय या वहीवर चालली. वाटी चाटली नाही, पण हुंगली तर खरी, एक. रात्री चारदा जागा बदलली, पण मधे दीड तास डोळा लागला होता, दोन. पुढे पुढे तर ती आधी बेरीज ठरवायची आणि मग ती सात रकान्यांत वाटायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते लबाडीचं आहे असंही वाटलं नव्हतं – दया वाटली होती ती, नेहमीची, सरळ दया…

तानाबाई नऊला आली. सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. लग्न होऊन सोलापुरात आली त्याला तीस वर्षं झाली, त्यातली पंधरा या घरात भांडी घासण्यात गेली. ती आली तेव्हा भाकरी दारातच पडलेली होती. तानाबाईनं केरसुणी तिच्या भोवतीनं फिरवली, भाकरीनं कान हलवला, बास. उठली नाही.

“बाई,” तानाबाई आतून म्हणाली, “ह्या कुत्रीचं काय करायचं ठरलं?”

“ठरायचंय काय? आज दाखवायचंय डॉक्टरला.”

“दाखवा. पर खरं दाखवा की.”

विजयमालाच्या हातातली बादली भरून वाहायला लागली होती. तिनं नळ बंद केला नाही. “खरं म्हणजे?”

“तुमी हाय म्हणून ती उबी ऱ्हाती. तुमी भाजीला गेला, ब्यांकेत गेला की मग बघा तिची दशा. बसत न्हाय ती, पडतीच. मी असली की न्हाय उठत. मला कशाला दावंल? मी कोण तिची?”

“सकाळी उठली की माझ्यासमोर. शेपूट हलवली.”

“व्हय. तुमच्यासमोर.”

त्या ‘व्हय’मध्ये काही टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. विजयमालानं नळ बंद केला. तानाबाईला वाटलं असावं की बाईंना अजून कळलं नाही. ती भांडं हातात घेऊन दारापर्यंत आली.

“मेंढरू दुखतंय म्हणून कदी वरडतं व्हय, बाई? वरडलं की लांडग्याला कळतंय. लंगडं मेंढरू कळपाच्या मधी चालतं, समद्यांच्या जोडीनं, मान वर करून. माझा बा निस्तं कानाकडं बघून सांगायचा, ह्याला दुखतंय म्हणून.”

“मग काय करायचा तुझा बा?”

“डाग द्यायचा. सळी तापवून, मांडीवर.” तानाबाईनं हातातलं भांडं पदरानं पुसलं. “दुसऱ्या दिवशी चालायचं मग मेंढरू. मला वाटायचं, गुण आला. लई दिसांनी कळलं, सळीच्या भ्यानं चालायचं ते.”

“मी काय सळी घेऊन उभी आहे का तिच्यापुढे?” आवाज चढला तो विजयमालाला स्वतःलाच ऐकू आला.

“मी कुटं म्हणलं तसं?” तानाबाई म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

कुत्रं म्हणजे मेंढरू नव्हे. विजयमाला दुपारपर्यंत हे वाक्य घोळवत राहिली. आमटीला फोडणी देताना, शेंगांच्या चटणीचा डबा काढताना, भाकरीच्या तोंडापाशी दुसरी अर्धी गोळी गुळात दाबून धरताना. कुत्रं माणसाळलेलं असतं, कुत्रं दुखलं की केकाटतं, रस्त्यावर ऐकतो की आपण. आणि ही काही कुणाला भीत नाही. मी हिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही नाही; हिचे पाय पुसले, हिची घाण काढली, हिच्यासाठी तीन वर्षांत लेकीकडे चार दिवस राहायला गेले नाही. मला बघून उठते ती आनंदानं. आनंदानंच. आनंदाचा तर रकानाच आहे वहीत…

एक वाजता ओवीचा व्हिडिओ कॉल आला. “आई, कॅमेरा तिच्याकडे कर ना.” आवाज ऐकून भाकरीचे कान उभे राहिले, आणि पुढचे पाय ताणले गेले. विजयमालानं घाईघाईनं फोन खाली, तिच्या नाकापाशी नेला. का, ते तिला तेव्हा कळलं नाही. आपण तिला उठू देत नाही आहोत एवढंच कळलं.

“भाकू! ए भाकू! किती छान दिसतेय गं! आई, आज किती?”

“दिवस संपला कुठेय अजून?”

“काल?”

“अडतीस.”

“बघ! वाढतायत की! आई, तू ग्रेट आहेस, खरंच. मी तिकीट काढलंय, वसुबारसेला सकाळी घरी. सांग तिला, फक्त एकोणीस दिवस. एवढे दिवस थांब म्हणावं.” मग ओवीचा आवाज एकदम खाली आला, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा. “थांबेल ना गं?”

“थांबेल की,” विजयमाला म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं वही काढली. खाणं तीन – गूळ धरून. पाणी सहा. उठणं पाच. झोप… रात्री औषध नव्हतं, तो पेपर धरायचा नाही असं ठरलंय, तरी चार. स्वच्छता तीन. आनंद पाच. एकूण दिवस, चार. तीस. तिनं पुन्हा बेरीज केली. छत्तीस वर्षांत तिची बेरीज कधी चुकली नव्हती, आताही चुकली नाही. मग ती मार्क शोधायला लागली. ओवीच्या आवाजाला कान उभे केले, आनंद सहा. आणि… आणि पेन हातात घेऊन ती भाकरीकडे बघत बसली, बोर्डाच्या पेपरात एखादं कोरं पान यावं तसं. तानाबाईचा बाप कानाकडे बघायचा. कानात काय असतं? भाकरीचे कान मागे, डोक्याला चिकटून होते. नेहमी असेच असतात का? चार वर्षांत कधी बघितलं कसं नाही आपण?

साडेचारला तिनं साडी बदलली, पर्स घेतली आणि ती भाकरीला म्हणाली, “दही घेऊन येते हं.” दही घरात होतं. भाकरी उठली, दारापर्यंत आली. विजयमालानं बाहेरून कुलूप लावलं, चपला वाजवत फाटकापर्यंत गेली, फाटक उघडलं, बंद केलं, आणि चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेनं, बोळातून, अनवाणी घराच्या मागे आली. तापलेल्या फरशीनं तळवे भाजत होते. मागच्या अंगणात धुण्याचा दगड आहे. त्यावर चढलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ पुढची खोली दिसते. एकोणसाठ वर्षांची बाई, निवृत्त उपमुख्याध्यापिका, धुण्याच्या दगडावर टाचा उंचावून स्वतःच्याच घरात डोकावतेय. कुणी बघितलं असतं तर गल्लीला दिवाळीपर्यंत विषय पुरला असता. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा ती पोरांना सांगायची: साहेब गेल्यावरही असेच बसा रे.

भाकरी दाराकडे तोंड करून उभी होती. एक मिनिट, दोन मिनिटं. मागचा डावा पाय आता नुसता थरथरत नव्हता, वाकत होता. वाकायचा आणि ती तो परत सरळ करायची. मग तिनं मान वळवून कमरेकडे बघितलं, चाटायला गेली, अर्ध्यातच थांबली. बसायचं होतं तिला. बसणं, चार पायांच्या जनावराला येणारी सगळ्यात साधी गोष्ट… तिनं पुढचं अंग खाली नेलं, पुन्हा वर घेतलं. पुन्हा नेलं. मग चपलांच्या मांडणीला अंग टेकवलं आणि त्या आधारानं घसरत घसरत खाली आली, आणि शेवटची वीतभर मात्र पडली, तानाबाई म्हणाली होती तशीच. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भरभर हलताहेत. आवाज नाही. एवढं सगळं झालं आणि कसलाही आवाज नाही.

गल्लीत कुणाचं तरी फाटक वाजलं. भाकरीनं डोकं उचललं. पुढचे पाय ताठ केले… नको, विजयमाला मनात म्हणाली, ती मी नव्हे… मान खाली घातली, कंबर ओढून वर आणली, उभी राहिली. फाटक शेजारच्यांचं होतं. भाकरी ऐकत उभी राहिली, मग पुन्हा मांडणी, पुन्हा घसरणं, पुन्हा ती वीतभर. मग एक स्कूटी गेली. पुन्हा डोकं, पुन्हा पाय. दहा मिनिटांत तीनदा.

अव्वा. अव्वा अशीच… नाही, अव्वाचा इथे काही संबंध नाही, अव्वाला जाऊन सात वर्षं झाली, अव्वाला हाडांचा कर्करोग होता, ती माझी आई होती, कुत्री नव्हती. पण पाच चाळीसला शाळेतून येऊन फाटक वाजवलं की दार उघडायचं ते चहाच्या वासानं, आणि अव्वा ओट्यापाशी उभी असायची, उभीच, पदर नीट, केस विंचरलेले, एक हात ओट्याच्या कडेवर. “कशी आहेस गं?” “एनिल्ल, विजू.” काही नाही, विजू. माहेरी अक्कलकोटला कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली, पण दुखण्याबद्दल बोलायचं तर अव्वाला तेवढाच एक शब्द यायचा. एनिल्ल. आणि डॉक्टर घरी आले की अव्वाच्या आधी मीच उत्तर द्यायचे: चालतात-फिरतात हो, चहा करतात, भाकऱ्यासुद्धा टाकते म्हणतात. “मग हाच डोस ठेवू,” डॉक्टर म्हणायचे. बरं वाटायचं. डोस वाढला नाही म्हणजे दुखणं वाढलं नाही, हे किती सरळ समीकरण होतं. तो हात ओट्याच्या कडेवर ठेवलेला नव्हता. त्यानं कड धरलेली होती. बोटांची टोकं पांढरी असायची. मी ती पाहिली होती, रोज पाहिली होती, आणि रोज मार्क दिले होते, पास. आणि तानाबाई… तानाबाई तेव्हाही होतीच कामाला. ती तेव्हा बोलली नाही. नाही, बोलली होती. भांडी घासता घासता, पाठमोरी: अव्वास्नी दुपारी लई तरास हुतो, बाई. बोलली होती. मी म्हणाले होते, वय झालंय तिचं.

अव्वा माझ्यासाठी उभी राहायची. मला नापास व्हायला लागू नये म्हणून.

विजयमालानं खिडकीचा गज धरला. ती रडत होती, आणि आपण रडतोय याचा तिला रागही येत होता, कारण रडून पुन्हा आपणच बऱ्या ठरणार होतो. दया नव्हतीच ती. वर्ष पोरांचं वाचवायचे; इथे कुणाचं वाचवत होते? एकोणीस दिवस ओवीसाठी, असं म्हणायचं, पण ते ओवीसाठीही नव्हतं. या कुत्रीला दुखतंय असं एकदा म्हटलं असतं तर मागचं सगळं उघडावं लागलं असतं, म्हणून पंधरा दिवस मी तिला उभी ठेवली. सळी हातात घ्यावी लागत नाही. नुसतं दारातून आत यावं लागतं.

ती दगडावरून उतरली. पावणेपाच. धनाजी येईल. आत जायला हवं… आणि पर्समधून किल्ली काढताना तिचा हात जागच्या जागी थांबला. किल्ली वाजली की भाकरी उठणार. हळू लावली तरी उठणार. कुत्र्याच्या कानाला काय हळू आणि काय जोरात. हाक मारली तर उठणार. मागच्या दाराला आतून कडी. तानाबाईला बोलवावं का? तानाबाईसाठी ती उठत नाही. तानाबाईपुढे पडून राहता येतं तिला. विजयमालाला कधी नव्हे तो आपल्या भांडीवालीचा हेवा वाटला, खरा, जळणारा हेवा. साठीला आलेली ही बाई स्वतःच्या घराच्या दारात, हातात किल्ली घेऊन, चोरासारखी उभी होती, आणि आत जायची एकही वाट तिला सापडत नव्हती, जिच्यात त्या जीवाला दुखणार नव्हतं.

शेवटी ती पायरीवर बसली. बसूनच कुलपाला हात पोचवला. किल्ली फिरली. आत नखं फरशीवर घासल्याचा आवाज झाला. दार ढकललं आणि तीही तशीच, बसल्या बसल्या, साडीचा बोंगा सावरत उंबऱ्यावरून आत सरकली. भाकरीचे पुढचे पाय ताठ झाले होते, मान खाली गेली होती, आता कंबर ओढायची तेवढी बाकी होती. विजयमालानं तिच्याकडे बघितलं नाही. ती फरशीवर आडवी झाली, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, पर्स खांद्याला तशीच. गुडघे दुखले. फरशी गार होती. मी आले नाही. कुणी आलेलं नाही. कुणासाठी उठायचं नाहीये.

पाठीमागे बराच वेळ काही हललं नाही. भाकरी अर्धी उठलेली तशीच असावी, काय करावं ते न कळून. विजयमाला श्वास रोखून पडून राहिली. वळून बघायची इच्छा मानेत दुखायला लागली, पण ती वळली नाही. मग नखं घसरली. मग ती वीतभर. मग सरकत सरकत एक गरम, थरथरतं अंग तिच्या पाठीला येऊन लागलं.

आणि मग आवाज आला. बारीक, लांबलचक, घशाच्या अगदी तळातून ओढून काढल्यासारखा. चार वर्षांत भाकरीनं हा आवाज या घरात काढला नव्हता. तो ऐकवत नव्हता, कान बंद करून घ्यावेत असा होता. आणि तरी तिला वाटलं की आजवर कुणीच आपल्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता, पोटच्या पोरीनं नाही, अव्वानं तर नाहीच.

“दुखतंय,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. तो शब्द तोंडातून बाहेर पडायला किती सोपा होता, याचंच तिला नवल वाटलं. “लई दुखतंय.”

भाकरी पुन्हा कण्हली, या वेळी जरा मोठ्यानं. विजयमालानं हात मागे नेला आणि जिथे पोचला तिथे ठेवला. अमरेशपुढे तोंडातून काय निघेल, ओवीला काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या हाताखाली त्या बरगड्या भरभर हलत होत्या. बाहेर रिक्षा थांबली. धनाजीनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. विजयमाला उठली नाही. भाकरीही उठली नाही.